अनुभव धागा: कुत्र्या-मांजरांचा आरोग्यविमा

आमच्याकडे बीगलचं पिल्लू आलंय, लशी चालू आहेत. विमा काढायचा विचार आहे. हप्ता सगळे सांगतात, पण क्लेमच्या वेळी काय होतं ते कळत नाही. ज्यांनी काढला, किंवा विचार करून नाही काढला, त्यांनी कृपया लिहा. देश कुठलाही चालेल.

कोथरूडकर: ताई, आधी लशींचं पुस्तक जपा. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांसारख्या आजारांवर लस आहे. ती वेळेवर दिलेली नसेल आणि तोच आजार झाला, तर क्लेम सहसा मिळत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या लॅब्रेडॉरला बूस्टर दिलं होतं, पण पुस्तकात ना तारीख ना शिक्का. तेवढ्यावर फाईल अडून राहिली. दर लशीनंतर डॉक्टरांची सही आणि बाटलीवरचं स्टिकर, दोन्ही बघूनच बाहेर पडा. आणि मूळ पॉलिसीत ओपीडी आहे की फक्त ऑपरेशन आणि अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च, हे विचारा. गोचीड तापाच्या रक्त तपासण्या बहुतेक ओपीडीतच होतात.

माऊची_आई (लंडन): इथे निवड हप्त्यापेक्षा प्रकाराची असते. आमच्या माऊला मधुमेह निघाला, रोज दोनदा इन्सुलिन. आमची पॉलिसी 'लाइफटाइम' आहे, म्हणजे खंड न पाडता नूतनीकरण केलं की खर्चाची मर्यादा दरवर्षी पुन्हा पूर्ण मिळते. स्वस्तातल्या १२ महिन्यांच्या पॉलिसीत तोच आजार वर्षानंतर कायमचा बाहेर जातो, आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलं तर तो 'आधीचा आजार' ठरतो. मधुमेह, त्वचेची अ‍ॅलर्जी, किडनी ही दुखणी वर्षात संपत नाहीत. मला तरी लाइफटाइमशिवाय दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही. वय वाढल्यावर बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो, ती अट कितव्या वर्षी लागू होते तेही पाहून घ्या.

न्यू_जर्सीचा_दादा: अमेरिकेत बहुतेक वेळा बिल आधी आपण भरायचं, मग वजावट (म्हणजे आपणच सोसायची ठरलेली रक्कम) सोडून ७०, ८० किंवा ९० टक्के परत. तेव्हा क्रेडिट कार्डात जागा हवीच. गुडघ्याचं कलम मात्र नीट वाचा. विमा घेण्याआधी एका पायाचा लिगामेंट दुखावला असेल, तर बऱ्याच पॉलिसी दुसराही पाय वगळतात. डॉक्टरांच्या नोंदीत नुसतं 'मागचा पाय लंगडतो' असलं, तरी तेच पुढे काढून दाखवतात. म्हणून पिल्लू धडधाकट असताना काढलेला विमाच खरा उपयोगी.

नाशिकहून: आमची राणी रस्त्यावरून आणलेली, वयस्क. वयोमर्यादेमुळे नवी पॉलिसी मिळेना. बँकेत तिच्या नावानं वेगळं आरडी चालवतो आणि त्याला हात लावत नाही. मोठं ऑपरेशन त्यात बसणार नाही, पण दातांचं काम आणि सोनोग्राफी त्यातून झाली. पिल्लू असती तर विमाच घेतला असता.

कोथरूडकर: एक राहिलं. पिल्लाला मायक्रोचिप बसवून घ्या आणि तिचा १५ अंकी नंबर पॉलिसीवर बरोबर छापलाय ना, ते ताडून पाहा.