सहा बाजूंचा आकाशकंदील पिळवटतोय, काय चुकतंय?

कामटीबहाद्दर:
मागच्या वर्षी चार बाजूंचा पारंपरिक कंदील केला होता, २४ काड्या, सगळ्या एकसारख्या, झकास झाला. सोसायटीत दोघांनी विचारलं कुठून आणला, मग काय, यंदा शिंगं फुटली आणि सहा बाजूंचा करायला घेतला. बुरुड आळीतून कामट्या आणल्या, तासून १० इंचाच्या ३६ काड्या केल्या, सहा चौकोन बांधले, कोपऱ्याला कोपरा जोडून गोल केला, इथपर्यंत ठीक. पण वरच्या टोकांना आडव्या काड्या बांधायला लागलो की टोकं आत ओढली जातात आणि चौकोन मधोमध मुडपतो, कुबड आल्यासारखा. तसाच दामटून पतंगाचा कागद लावला तर नेमक्या त्याच रेषेवर चुण्या. दोनदा सोडून परत बांधलाय. मुलगा म्हणतो बाबा विकतचा आणू. दोरा ढिला पडतोय की काड्याच चुकल्यात?

गिरगावची_माहेरवाशीण:
दोरा नाही हो, काड्या. चौकोन कोनावर उभा असतो ना, चार बाजूंच्या कंदिलात शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर काडीएवढंच येतं म्हणून तिथे सगळ्या सारख्या चालतात. सहा बाजू केल्या की टोकं एकमेकांपासून लांब जातात. तुमच्या मापाला वरची आडवी काडी सव्वाबारा इंच हवी, तुम्ही १० ची बांधताय म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वादोन इंच ओढताय, कुबड येणारच. वरच्या सहा आणि खालच्या सहा बदला, चौकोन तसेच राहू देत. (आठ बाजूंचा करायची हौस आली तर १३ इंच, मी केलाय, दारातून बाहेर काढताना आडवा धरावा लागला.)
आणि प्रत्येक चौकोनात उभा एक दोरा ताणून बांधा, १४ इंचाला चिमूटभर जास्त. तो बसला म्हणजे चौकोन काटकोनात आहे, नाहीतर कागद लावताना सगळा सांगाडा हळूच पिळतो आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी.

खळखळाट:
माप बरोबर आहे वर. कागदाबद्दल माझी भर. फेविकॉल थेट लावू नका, पतंगाचा कागद तिथे आखडतो. खळ करा, दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवून मग गॅसवर, काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. आमच्याकडे झुरळं खातात म्हणून आई चिमूटभर मोरचूद घालायची, पण ते विष आहे, पोरगं हाताशी असेल तर नकोच. खळ काडीला लावायची, कागदाला नाही. वाळल्यावर कागद सैल वाटला तर अगदी लांबून पाण्याचा फवारा, वाळताना ढोलकीसारखा ताणतो. लाल आणि जांभळ्यावर आधी तुकड्यावर करून बघा, रंग उतरतो, एकदा माझा पांढरा पट्टा गुलाबी झालाय.
शेपट्यांसाठी कागद आधी दोन्ही दिशांनी फाडून बघा. एका दिशेला सरळ फाटत जातो, दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. सरळ फाटतो त्या दिशेने शेपट्या कापा म्हणजे सरळ लोंबतात, उलट कापल्या की वळतात.

रद्दीवाला_नव्हे:
पतंगाचा कागद कशाला, हातकागद वापरा की! पुण्यातच आहात, शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात, झाड तोडावं लागत नाही. पाकळ्या घातलेला कागद तर काय सुंदर दिसतो.

खळखळाट:
दिवसा दिसतो. दिवा लावल्यावर जाड कागद निव्वळ काळा, फक्त पाकळ्यांची सावली. त्याची पाकिटं करा, ग्रीटिंग करा, कंदिलाच्या वरच्या खालच्या पट्टीला लावा, मधे नको. आणि वजन वाढतं ते वेगळंच.

रद्दीवाला_नव्हे:
बरं बरं, पट्टीला तर लावा 😄

मेलबर्नची_वहिनी:
आमच्याकडे कामट्या कुठल्या मिळायला, मी बार्बेक्यूच्या बांबूच्या सळ्या घेते. त्या १२ इंचाच्याच मिळतात, मग उलटा हिशेब, आडव्या काड्या अख्ख्या ठेवायच्या आणि चौकोनाच्या पावणेदहा इंचाला कापायच्या. टोकदार बाजू आधी छाटा, पहिल्या वर्षी मी नाही छाटली आणि प्रत्येक कागद तिथूनच फाटला. बल्ब एलईडीचाच लावा, साधा पिवळा बल्ब कागदाला टेकला तर संपलं.

कामटीबहाद्दर:
काल रात्री अकराला बारा काड्या सव्वाबारा इंचाच्या कापल्या, बांधल्या, आणि चौकोन आपणहून सपाट झाले! मी उगाच दोऱ्याला शिव्या घालत होतो. उभे दोरेही लावले, एक चौकोन निघालाच तिरका, पेराजवळची काडी होती, वाकतच नव्हती, बदलली. आज खळ, मोरचुदाशिवाय. पांढऱ्याला पिवळी पट्टी, लालच्या वाटेला जातच नाही.
सोडवून काढलेल्या १० इंची बारा काड्या मुलाने मोजल्या आणि म्हणतो अजून बारा आणल्या की चार बाजूंचा होतो ना बाबा, तो माझा. म्हणजे रविवारी परत बुरुड आळी.