गिरणगावातला लाल बावटा कुणी उतरवला?

परळकर: मुंबईतला कम्युनिस्ट पक्ष शिवसेनेने संपवला असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा संप लढवलेला पक्ष आहे हा, १९५७ ला पक्षाचे नेते डांगे यांना याच गिरणगावाने, म्हणजे कापड गिरण्यांच्या या भागाने, लोकसभेत पाठवलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी पक्षाचे शाहीर अमरशेख, अण्णाभाऊ गावोगाव गात फिरले. मग १९७५ ला भाकपने, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, आणीबाणीला पाठिंबा दिला, आणि त्याच सरकारने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ वर आणला! कामगाराने काय समजायचं? १९८२ च्या संपात तो कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेला यात नवल काय.

लालबागची लेक: दादा, आणीबाणीच्या आधीचं विसरताय. ५ जून १९७० ला भाकपचे आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि सेनेचे वामनराव महाडिक थोडक्यात निवडून आले, सेनेचा पहिला आमदार. आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मालकाशी वाटाघाटींचा हक्क फक्त मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. संप करणार लाल बावटा आणि सही करणार दुसराच, अशात कुठला पक्ष टिकेल?

निळी पहाट: दोघेही जातीवर बोलतच नाही आहात. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे दलितांना घेत नव्हते, का तर धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून बाकीच्यांना विटाळ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न काढला होता. युनियनने आपल्याच माणसांशी त्यावर भांडण घेतलं नाही, मग आमच्या आज्या-पणज्यांना ती आपली का वाटावी?

परळकर: ताई, मुद्दा खरा आहे, पण ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या काळ्या कायद्याविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले होते, तेही सांगा ना.

निळी पहाट: उतरले, आणि पुढे? एका दिवसाच्या संपाने खात्याचं दार उघडलं का?

डहाणूचा: सगळी चर्चा गिरण्यांवरच चाललीय. आमच्याकडे १९४५ ला गोदूताई परुळेकरांनी वारल्यांची वेठबिगारी मोडली, आणि २०१९ ला अन परत २०२४ ला डहाणूतून माकपचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, विनोद निकोले आमदार म्हणून निवडून आले. इथे जमिनीचा, वनहक्काचा प्रश्न अजून जिवंत आहे आणि पक्ष तो सोडत नाही. मुंबईत गिरणीच गेली हो, मग युनियन कुणाची करणार?