मदत हवी आहे: घरी बनवलेल्या फझ पेडलमधले पार्ट कमी कसे करू?

नमस्कार मंडळी,

मिरजेत माझं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ फारसे येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक तानपुरे, भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, माइकच्या वायरी असं काम चालतं. ट्रान्झिस्टरशी तीस वर्षांची ओळख आहे, गिटारच्या पेडलशी मात्र दोन महिन्यांची. म्हणून हा धागा.

पुतणी अकरावीत आहे, इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिला फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम जाड, खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा) हवं होतं. मी तीन-चार सर्किटं वाचली, त्यातलं जे जे चांगलं वाटलं ते घेऊन एक बोर्ड जुळवला. वाजतो. पण परवा तिने बोर्ड हातात घेतला आणि पार्ट मोजले. जॅक आणि फूटस्विच सोडून ३७ भरले. मग म्हणाली, "काका, यातला प्रत्येक पार्ट काय करतो ते सांगा ना." सांगायला बसलो, तर निम्म्यापुढे गाडी अडली. काही पार्ट मूळ सर्किटात होते म्हणून लावले होते, त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तिला दुसरं पेडल स्वतःच्या हाताने बांधायचंय, एका रविवारात, आणि प्रत्येक पार्ट कशासाठी आहे ते समजून. तिचं म्हणणं मला पटलंय.

सर्किट असं आहे. सुरुवातीला एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा टप्पा (कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे पाय; के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख): कलेक्टर ते बेस २.२ मेग, कलेक्टरला ६.८ के, एमिटरला ६८० ओहम. त्यापुढे दोन बीसी५४७ ची, फझ फेस या जुन्या पेडलच्या पद्धतीची जोडी: ३३ के, ८.२ के, ४७० ओहम, दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसला १०० के, एमिटरला १ के चा पॉट (खुंटीने फिरवायचा रेझिस्टर) आणि त्याच्या मधल्या पायाला २२ मायक्रोफॅरड. पुढे १० के आणि ग्राउंडला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. मग बिग मफ या दुसऱ्या जुन्या पेडलमधला टोन कंट्रोल. शेवटी आणखी एक बीसी५४७, टोनमध्ये गेलेला आवाज परत उचलायला. शिवाय सप्लायचा कपॅसिटर, एलईडी वगैरे.

तक्रारी अशा:

फुसफुस खूप. वाजवणं थांबलं की पंखा चालू असल्यासारखं वाटतं.

व्हॉल्यूम पाऊण भागापुढे नेला की शिट्टी.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज स्वच्छ होत नाही, नुसता बारीक होतो. पुतणीने ऐकलेल्या फझमध्ये गिटारची खुंटी जराशी मागे घेतली की सूर निवळतो म्हणे.

रात्री नऊनंतर गिटारची केबल लावली की बारीक आवाजात बातम्या ऐकू येतात. बहुतेक आपलं सांगली आकाशवाणी, मीडियम वेव्ह.

तीन-चार तारा एकदम छेडल्या की सगळा चिखल होतो.

बॅटरीवर मोजलेले कलेक्टर व्होल्टेज: बूस्टर ५.१, जोडीतला पहिला १.३, दुसरा ३.१, शेवटचा ५.५. डबा प्लास्टिकचा.

मला हवा असलेला आवाज शब्दांत सांगायचा तर चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्यासारखा. तार एकदा छेडली की सूर उघडत जावा, लांब टिकावा. आत्ता जे येतं ते जवारी बिघडल्यासारखं आहे, खरखर पुढे आणि सूर मागे. यातलं काय काढू आणि काय ठेवू?

---

प्रतिसाद १

काका, नमस्कार. मी पुण्यात असतो, हौसेने पेडल बनवतो. सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी एक प्रयोग करा. जोडीच्या आधीचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बूस्टरपासून सोडवा आणि गिटारचा सिग्नल क्रोकोडाइल क्लिपने थेट त्याला द्या. मग गिटारचा व्हॉल्यूम मागे घेऊन बघा.

कारण सांगतो. फझ फेसचं इनपुट फार कमी इंपीडन्सचं (सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याचं) आहे, आणि तीच त्याची खुबी आहे. पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल, दोन-तीन हेन्रीची. ती या इनपुटला थेट जोडली की वरचे कर्कश सूर आपोआप दबतात, कारण वरच्या फ्रीक्वेन्सीला कॉइलचा स्वतःचा अडथळा वाढतो. गिटारचा व्हॉल्यूम पॉटही मग सर्किटाचाच भाग होतो: थोडा मागे घेतला की मध्ये रेझिस्टन्स येतो आणि फझ निवळतो. तुम्ही मध्ये बूस्टर टाकलात, म्हणजे पिकअप आणि फझ यांची भेटच होऊ दिली नाहीत. फझला दिसतो तो बूस्टरचा ६.८ के, गिटार नाही. वर दहापट सिग्नल आणि दहापट फुसफुस.

चिखलाचं म्हणाल तर तो दोष नाही. इतकं क्लिपिंग झालं, म्हणजे सिग्नलचे माथे छाटले गेले, की दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्या तयार होतात आणि ते नवे सूर कॉर्डमध्ये बसत नाहीत. षड्ज-पंचम जोडीने वाजवायला सांगा, छान लागेल. त्यात गंधार मिसळला की बिघडणारच.

---

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

तुमच्या सर्किटात शेवटून मागे या आणि प्रत्येक टप्प्याला विचारा, तू कुणामुळे आहेस? शेवटचा ट्रान्झिस्टर आहे टोन कंट्रोलमुळे, कारण बिग मफचा टोन सिग्नल बराच खातो. टोन कंट्रोल आहे कर्कशपणा झाकायला. कर्कशपणा आला बूस्टरमुळे आणि त्या दोन डायोडमुळे. डायोड आणखी एक नुकसान करतात: जोडीच्या कलेक्टरवर काही व्होल्टचा झोका मिळतो, त्याला ते ०.६ व्होल्टवर छाटतात, म्हणजे आवाज आधीच पडलेला. पडलेला आवाज उचलायला परत शेवटचा ट्रान्झिस्टर. एकाचं बिघडलेलं दुसरा दुरुस्त करतोय.

बिग मफमध्ये हे सगळं बरोबर बसतं. १९६९ चं न्यूयॉर्कचं डिझाइन, त्यात क्लिपिंगचे दोन टप्पे डायोडसकट आखलेले आहेत आणि टोन त्या आवाजासाठीच केलेला. फझ फेस १९६६ चा, लंडनचा. पूर्ण सर्किट फक्त ११ पार्टांचं: २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर, २ पॉट. दोन्ही घराणी स्वतंत्र. तुम्ही एकाच्या गळ्यातून दुसऱ्याची गायकी काढताय.

तुम्हाला जो निवळणारा सूर हवाय तो फझ फेसचा आहे. बूस्टर, डायोड, टोन, शेवटचा टप्पा, चारही काढा.

बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरवर असणारं व्होल्टेज, मात्र बघाच. दुसऱ्याचा कलेक्टर ३.१ वर आहे कारण ८.२ के ही किंमत जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरसाठी होती; बीसी५४७ सिलिकॉनचा आहे. सिलिकॉनला त्या जागी १० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) लावा आणि कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा. साधारण ६ के च्या आसपास थांबाल.

---

प्रतिसाद ३

आणखी कमी करायचं असेल तर बॅझ फस हे छोटं फझ सर्किट बघा. एकच डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर (एकात दोन जोडलेले), एमपीएसए१३ किंवा बीसी५१७. मिळाला नाही तर दोन बीसी५४७ डार्लिंग्टन करून जोडायचे. कलेक्टर ते बेस एक १एन४१४८, पट्टी बेसकडे. कलेक्टरला १० के, आत एक कपॅसिटर, बाहेर एक, आणि व्हॉल्यूमचा पॉट. तासाभरात होतं, आणि पहिल्यांदा बांधणाऱ्याला इतक्या लवकर आवाज मिळाला की उत्साह वाढतो.

---

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. रविवार त्यातच गेला, सविस्तर लिहितो.

आधी बॅझ फस केलं, कारण पुतणीला लगेच काहीतरी वाजवून बघायचं होतं. पाऊण तासात वाजलं. आवाज भरदार, खर्जात फार छान. पण सूर विझताना एकदम तुटतो, दार लावल्यासारखा. ती तार ओढून मींड घेते आणि मींडेचं शेवटचं टोकच गायब होत होतं. तिला तिथेच कळलं की आपल्याला हे नको. तरी ते मोडलेलं नाही, तिच्या मित्राकडे बास गिटार आहे त्याला देणार आहे.

मग प्रतिसाद १ मधला प्रयोग. क्लिप लावली, तिने गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरखर खाली बसली आणि तारेचा मूळ आवाज वर आला. दोन महिने जे शोधत होतो ते माझ्याच बोर्डात होतं, मी त्याच्या पुढ्यात बूस्टर उभा केला होता.

नवा बोर्ड तिने बांधला. मी फक्त विचारत होतो, "हा कशाला?" आणि उत्तर आलं की पुढचा पार्ट. इनपुटचा १ मेग फूटस्विच दाबताना टपकन आवाज येऊ नये म्हणून. सप्लायवर १०० मायक्रोफॅरड. उलटी बॅटरी लागली तर वाचवायला एक डायोड. शेवटी गोळाबेरीज १७ झाली, एलईडी आणि त्याचा रेझिस्टर धरून. तिने मीटर लावून पाहिलं तर अख्खं सर्किट साधारण ०.९ मिलिअँपिअर घेतं आणि ४.७ के मधून एकटा एलईडी दीड मिलिअँपिअर! म्हणाली, दिवा काढला तर बॅटरी दुपटीहून जास्त टिकेल. तरी दिवा ठेवलाय, अंधाऱ्या स्टेजवर पेडल चालू की बंद ते कळायला हवं.

मध्ये एक अडचण आली, ती इथे लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. पहिल्यांदा चालू केलं तर आवाज आला, पण मरगळलेला, फझ नावालाच. व्होल्टेज कुठेच जुळेनात. तासभर ट्रॅक तपासले, सोल्डर परत केलं. शेवटी भिंग घेऊन ट्रान्झिस्टरवरची अक्षरं वाचली तर एक बीसी५४७ आणि दुसरा २एन३९०४. माझ्याच ड्रॉवरच्या एका कप्प्यात दोन्ही पडलेले. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे बरोबर उलटे. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, अगदी थोडा गेन देत राहतो, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो. तो बदलला, प्रीसेट फिरवून दुसऱ्याचा कलेक्टर ४.५ वर आणला, काम झालं. प्रीसेट काढून मोजला तर ६.३ के.

फुसफुस पुष्कळ कमी झाली. शिट्टी गेली, पण तिचं श्रेय निम्मं वायरिंगला. पूर्वी इनपुट आणि आउटपुटच्या वायरी मीच सुबक दिसाव्यात म्हणून एकत्र बांधल्या होत्या. आता इनपुटला शिल्डेड वायर आहे, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड केलंय, आणि आउटपुट डब्याच्या दुसऱ्या कडेने नेलंय.

बातम्या मात्र तरीही येत होत्या, पूर्वीपेक्षा बारीक. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर ते बेस १०० पिकोफॅरड लावला (१७ मध्ये तो धरलाय) आणि बोर्ड पेढ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बसवला, डबा ग्राउंडला जोडून. आता रात्री नऊ वाजता केबल लावून बसलो तरी शांत.

एकच विचारायचं राहिलं. दुकानात जुन्या रेडिओतून काढलेले तीन एसी१२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत. पुतणी म्हणते, मूळ पेडल जर्मेनियमचं होतं तर तेही करून बघू. याच बोर्डावर बसतील का?

---

प्रतिसाद २

फार आनंद झाला काका. पुतणीला शाबासकी सांगा.

एसी१२८ पीएनपी आहे, म्हणजे बीसी५४७ च्या उलट ध्रुवतेचा, त्यामुळे बॅटरी, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि डायोड सगळं उलट करावं लागेल, पॉझिटिव्ह ग्राउंड. नवा बोर्ड घ्या, आणि त्याला स्वतंत्र बॅटरी द्या; बाकीच्या पेडलच्या अ‍ॅडॉप्टरला जोडलात तर सप्लाय शॉर्ट होईल.

जुन्या जर्मेनियमची गळती (ट्रान्झिस्टर बंद असतानाही वाहणारा करंट) आधी मोजा. बेस मोकळा सोडा, एमिटर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, कलेक्टर २.४ के मधून निगेटिव्हला, आणि त्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते बघा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. ट्रान्झिस्टर हातात धरून मोजू नका, बोटांच्या उबेनेही गळती वाढते.

---

धागाकर्ता

मोजले. एकावर ०.२९, दुसऱ्यावर ०.४१, तिसऱ्यावर २.१ व्होल्ट. तिसरा बाजूला ठेवला. तिने मुद्दाम पहिल्याला चिमटीत धरून बघितलं, मीटर ०.२९ वरून हळूहळू ०.३५ वर गेला, सोडल्यावर परत खाली यायला दोन मिनिटं लागली. पुढच्या रविवारी पीएनपीचा बोर्ड.