पहिल्या वर्षातली गळती: निकाल लागण्याआधी नेमकं काय करता येतं?

मेकॅनिक्स_शिक्षक:
नमस्कार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली बरीच मुलं तिसऱ्या सेमिस्टरला वर्गात नसतात. गणित आणि मेकॅनिक्स राहतात आणि तिथूनच घसरण सुरू होते. मिड-सेमचा निकाल लागला की जादा तास ठेवले जातात, पण ज्यांना गरज असते तेच येत नाहीत. माणसं कमी आहेत, त्यामुळे सगळं एकदम जमणार नाही. आधी कशाला हात घालावा? 'प्रवेशाचा दर्जा वाढवा' हे उत्तर कृपया नको. ते शिक्षकांच्या हातात नसतं.

आकडेमोड:
सर, आधी मोजणी नीट करा. दरवर्षीच्या पटसंख्येची तुलना केली की गळती झाकली जाते, कारण थेट दुसऱ्या वर्षात येणारे आणि मागच्या बॅचचे राहिलेले त्यात मिसळतात. एका बॅचची प्रवेशयादी घ्या आणि तेच रोल नंबर दर सेमिस्टरला तपासा. जो गेला त्याच्यापुढे खूण करा: नापास होऊन गेला, पास असून गेला, परीक्षेलाच बसला नाही, की शाखा बदलली. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

मिड-सेमपर्यंत थांबणं म्हणजे फार उशीर. तिसऱ्या आठवड्यात 20 मिनिटांची, अगदी कमी गुणांची चाचणी घ्या: बलाचे घटक काढणं, सूत्रातलं एक पद वेगळं करणं, एककं बदलणं, एक साधा फ्री-बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती). पेपर आठवड्याच्या आत परत द्या, नाहीतर चाचणीचा उपयोग संपला. सलग दोन असाइनमेंट चुकल्या किंवा चाचणी बुडवली तर दोन दिवसांत फोन गेला पाहिजे, आणि तो कोणी करायचा हे नावानिशी ठरलेलं हवं. बहुतेक योजना इथेच कोलमडतात: सॉफ्टवेअर याद्या काढतं, पण यादी कोणाचीच नसते. फोनवर 'का आला नाहीस?' विचारलं की सबब ऐकायला मिळते. 'दुसऱ्या असाइनमेंटमधलं कुठलं गणित अडलं?' विचारलं की माहिती मिळते.

पूर्वअट_तपासा:
वरचं सगळं मान्य, पण अभ्यासक्रमाची रचनाच मुलांना अडवत असेल तर फोन करून काय होणार? एका मोठ्या कागदावर सगळे विषय मांडा आणि पूर्वअटींचे (कुठला विषय पास झाल्याशिवाय कुठला घेता येत नाही याचे) बाण काढा. मग प्रत्येक विषयासाठी मोजा: हा राहिला तर पुढचे किती विषय घेता येत नाहीत? गणिताचा पहिला पेपर बहुधा सगळ्यात वर येईल. तो वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर एका नापासाची किंमत एक अख्खं वर्ष होते. असा विषय प्रत्येक सेमिस्टरला चालवा, वर्ग छोटा झाला तरी चालेल.

नंतर एकेक बाण खरा आहे का ते तपासा. स्टॅटिक्सच्या (मेकॅनिक्समधला स्थिर वस्तूंवरच्या बलांचा भाग) सुरुवातीच्या भागाला सदिश, त्रिकोणमिती आणि एकसामयिक समीकरणं लागतात. इंटिग्रेशन लागतं ते वितरित भार (लांबीभर पसरलेलं वजन) आणि सेंट्रॉइड (आकृतीचा मध्यबिंदू) आल्यावर, तेही साधंच. मग त्यासाठी कॅल्क्युलसचा पूर्ण पेपर पास असण्याची अट कशाला? अमेरिकेतल्या राइट स्टेट विद्यापीठाने 2004 मध्ये हेच केलं. पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष उपयोगातून शिकवलेला गणिताचा एक कोर्स ठेवला आणि तो पास झालेल्यांना कॅल्क्युलसची मालिका पूर्ण होण्याआधी पुढचे मूळ विषय घेऊ दिले. कॅल्क्युलस रद्द केलं नाही, फक्त वाट अडवणं थांबवलं. माझ्या मते कमी माणसांत सगळ्यात जास्त फळ इथे आहे.

गटअभ्यास:
जादा तासांना मुलं का येत नाहीत? कारण तिथे जाणं म्हणजे 'मी कच्चा आहे' असं जाहीर करणं. 1973 मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सुरू झालेल्या सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शनचं मर्म हेच: कच्चे विद्यार्थी निवडायचे नाहीत, अवघड विषय निवडायचा आणि सत्र सगळ्यांना खुलं ठेवायचं. सत्र घेतो तो विषय चांगल्या गुणांनी पास झालेला वरच्या वर्षाचा विद्यार्थी. तो यंदाच्या लेक्चरला पुन्हा बसतो आणि सत्रात पुन्हा लेक्चर देत नाही. हे दुसरं पथ्य हमखास मोडतं. फळा आणि खडू त्याच्या हाती गेला की बाकीचे उतरवून घ्यायला लागतात. खडू अडलेल्याच्या हातात हवा. सत्राची वेळ वेळापत्रकातच घाला, संध्याकाळी उशिरा नको.

ड्रॉइंगमध्ये अडणाऱ्यांसाठी वेगळं बघा. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात 1993 पासून शेरिल सॉर्बी यांनी अवकाशीय आकलनाचा छोटा कोर्स चालवला. 30 प्रश्नांच्या फिरवलेल्या आकृत्यांच्या चाचणीत 60 टक्क्यांच्या आत असणाऱ्यांना तो सुचवला जाई. ही क्षमता सरावाने वाढते. जोडता येणारे ठोकळे आणि हाताने आयसोमेट्रिक रेखाटन (वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच चित्रात दाखवणं) एवढं पुरतं. थेट कॅडवर (संगणकावरच्या ड्रॉइंगवर) बसवू नका, तिथे ठोकळा सॉफ्टवेअर फिरवतं, डोकं नाही.

मेकॅनिक्स_शिक्षक:
मनापासून आभार. एक शंका: अशा सत्रांना मुळातच मेहनती मुलं येतील. मग गुण वाढले तर ते सत्रांमुळे, हे कसं ठरवायचं?

आकडेमोड:
रास्त शंका. आलेले विरुद्ध न आलेले अशी थेट तुलना करू नका. तिसऱ्या आठवड्याच्या चाचणीचे गुण हाताशी आहेतच, त्यावरून गट पाडा आणि प्रत्येक गटाच्या आत तुलना करा. शिवाय संपूर्ण बॅचचा नापास दर मागच्या बॅचशी ताडून पाहा, पेपरची काठिण्यपातळी तीच ठेवून.

'पास असून गेला' हा रकाना मात्र विसरू नका. विज्ञान-इंजिनिअरिंग सोडणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांवरच्या सीमोर आणि ह्युइट यांच्या 1997 च्या अभ्यासात सोडून गेलेले आणि टिकलेले यांच्या कुवतीत फारसा फरक दिसला नाही. खराब शिकवण्याबद्दलची तक्रार सोडून गेलेल्यांत जास्त होती, पण टिकलेल्यांतही बहुतेकांची होती. त्यामुळे सत्रांइतकंच मुख्य तासाकडेही बघा. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले: नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी 33.8 टक्के नापास, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात 21.8 टक्के. सुरुवात म्हणून दर 15 मिनिटांनी एक फ्री-बॉडी डायग्राम प्रत्येकाला काढायला लावा, शेजाऱ्याशी ताडून बघायला सांगा आणि मगच फळ्यावर सोडवा. बहुतेकांच्या आकृतीत आधाराच्या ठिकाणची प्रतिक्रिया राहून गेलेली असते, आणि ते परीक्षेआधी कळतं.