हातवाऱ्यांचा नवा कन्सोल: आपल्याकडच्या घरात निभतो का?

गोदाकाठ, नांदेड

निंटेंडो कंपनीचा स्विच २ हा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम कन्सोल जून २०२५ मध्ये आला, तेव्हापासून लोक एकच विचारायलेत: हात हलवून खेळायचा कन्सोल आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये निभतो का? माझं उत्तर 'हो' आहे. मोशनसाठीच घ्यायचा असेल तर हाच घ्या, कॅमेरावाल्यांच्या नादी लागू नका.

मुद्दा जागेचा आहे. बारा फुटांतून शोकेसचा दीड फूट काढा, दिवाणाचे अडीच काढा, उरले आठ. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला लागायचा त्या जुन्या किनेक्ट कॅमेऱ्याला एका खेळाडूसाठी सहा फूट अंतर लागायचं आणि दोघांसाठी आठ. म्हणजे दोघं खेळायला उभे राहिले की पोटऱ्या दिवाणाला टेकल्या. जॉय-कॉन २ ला, म्हणजे स्विच २ च्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरला, अंतराशी देणंघेणं नाही. वळण मोजणारा जायरोस्कोप आणि वेगातला बदल मोजणारा ॲक्सेलरोमीटर कंट्रोलरच्या पोटातच आहेत. मनगट किती वळलं ते तोच मोजतो आणि ब्लूटूथने कळवतो. दिवा बंद असू द्या, मधून कुणी चहाचा ट्रे घेऊन जाऊ द्या, खेळ अडत नाही.

हातात घेतल्यावर पहिला फरक कळतो तो जोडणीत. आधीचे जॉय-कॉन रुळावरून सरकवून बसवावे लागायचे, हे चुंबकाने चिकटतात आणि मागची कळ दाबली की सुटतात. आकार वाढलाय, त्यामुळे एकच कंट्रोलर आडवा धरून खेळताना मोठ्या माणसाची बोटं आता एकमेकांत अडकत नाहीत. कंट्रोलर कडेवर उभा करून सरकवला की माऊस होतो. सतरंजीवर चालतो, पँटच्या मांडीवर चालतो. काचेच्या टीपॉयवर मात्र चालत नाही, कारण खालून परतणाऱ्या उजेडावरच त्याचं सगळं गणित आहे आणि काचेतून तो आरपार जातो.

मांजराकाठ, लातूर

गोदाकाठ भाऊ, जागेचं बरोबर. पण मोशनसाठी घेणाऱ्याला जे आधी सांगायला पाहिजे तेच राहून गेलं. या कन्सोलला तुमचा हात कुठे आहे हे माहीतच नसतं. तो फक्त किती वळला ते कळतं.

ॲक्सेलरोमीटर वेग बदलल्याचं मोजतो. त्यावरून जागा काढायची तर दोनदा बेरीज करत जावं लागतं आणि चूक वेळेच्या वर्गाने वाढते. सेन्सरमध्ये ०.०१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभराव्या भागाएवढी बारीक चूक धरा. एका सेकंदात हिशेब पाच सेंटिमीटरने चुकतो, पाच सेकंदांत सव्वा मीटरने. म्हणून कुठलाही खेळ या सेन्सरवरून हाताची जागा काढायच्या फंदात पडत नाही, नुसता कोन वापरतो.

कोनातही एक भोक आहे. कंट्रोलर वर-खाली किंवा कडेला कलला तर गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने चूक दुरुस्त होत राहते. डावी-उजवीकडे वळण्याला मात्र तसा आधारच नाही. म्हणून नेम धरायच्या खेळात पाच-दहा मिनिटांनी बाण हळूच एका बाजूला सरकलेला दिसतो आणि बटण दाबून तो पुन्हा मध्यावर आणावा लागतो. कंट्रोलर खराब झाला म्हणून लोक दुकानात घेऊन जातात. तो खराब झालेला नसतो, त्याची जातच तशी आहे.

निंटेंडोच्याच २००६ च्या वी कन्सोलमध्ये हे भोक नव्हतं. रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा होता आणि टीव्हीवर ठेवायची पट्टी. 'सेन्सर बार' हे नाव फसवं आहे, त्या पट्टीत सेन्सर नव्हताच, दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी होते. रिमोट ते दोन ठिपके बघायचा आणि टीव्ही कुठल्या दिशेला आहे हे त्याला नेमकं कळायचं. घसरण शून्य. २००९ मध्ये मोशनप्लस जोडणी आली, त्यातून जायरोही मिळाला. निव्वळ हातवाऱ्यांसाठी सेकंडहँड वी आजही पुरतो. स्विच २ ची अमेरिकेतली किंमत २०२५ मध्ये आला तेव्हा ४५० डॉलर होती, म्हणजे नुसते रुपये केले तरी ३८ हजारांच्या पुढे. तेवढे पैसे कशाला घालायचे?

गोदाकाठ, नांदेड

घसरणीचं मान्य, लिहायला पाहिजे होतं. पण वी घ्या म्हणताना वीची दुखणीही सांगा.

आपल्याकडे हॉलच्याच कोनाड्यात देवघर असतं. वीचा कॅमेरा समईच्या ज्योतीलाही इन्फ्रारेड ठिपकाच समजतो. टीव्हीशेजारी समई तेवत असली की पडद्यावरचा हात थरथरतो, मधेच उडी मारून कोपऱ्यात जातो. (हेच उलटं वापरता येतं: पट्टी बिघडली तर वीतभर अंतरावर दोन निरांजनं लावली तरी रिमोट चालतो. पडद्यांपासून लांब ठेवा एवढंच.) पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन टीव्हीमागे आलं तरी तोच प्रकार.

आणि अडॅप्टर. अमेरिकेतून कुणी आणलेला वी असेल तर त्याचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की तिथेच संपला. ठोकळ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय प्लग घालू नका. १२ व्होल्ट, ३.७ अँपिअरचा २३० वर चालणारा अडॅप्टर आधी बघा, मग वीचे पैसे द्या. चित्रही जुनं आहे, ४८०-५७६ ओळींचं. मोठ्या एलईडी टीव्हीवर ते पसरट दिसतं आणि नव्या टीव्हींना पिवळी-पांढरी-लाल भोकंच नसतात. वरून वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालंय, म्हणजे खेळ फक्त डिस्कवर.

दुधनाकाठची, परभणी

दोघंही हातात काहीतरी धरायच्याच गोष्टी करायलेत. घरात खेळणार कोण याचा विचार कुणीच केला नाही. सहा वर्षांचं पोर आणि पासष्टची आजी एकत्र खेळणार असतील तर कंट्रोलर हीच अडचण आहे. आजींना 'प्लसचं बटण दाबा' म्हटलं की त्या कंट्रोलरकडे बघतात आणि पडद्यावर खेळ पुढे निघून जातो. मनगटाला पट्टी बांधायची, ती आवळायची, उलटा धरला तर डावं-उजवं बदलतं. कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं राहायचं असतं.

किनेक्ट २०१७ मध्ये बंद झाला, तो आता घेऊ नये हे मलाही पटतं. पण कॅमेऱ्याची वाट तिथे संपली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत नेक्स प्लेग्राउंड नावाची छोटी चौकोनी पेटी आली. समोर रुंद कोनाचा कॅमेरा, एचडीएमआयने टीव्हीला जोडायची. चार जण एका वेळी खेळतात, हातात काहीच नाही. कॅमेऱ्यावर घालायचं झाकण सोबत येतं, लेकीबाळींच्या घरात ते महत्त्वाचं. खोट अशी की पेटीसोबत पाचच खेळ मिळतात, बाकीच्यांना वर्गणी भरावी लागते.

कॅमेऱ्याचे तोटे मी झाकत नाही. नऊवारी असो की पाचवारी, निऱ्यांमुळे गुडघे झाकले जातात आणि पाय कुठे आहेत ते यंत्र अंदाजाने ठरवतं. उडी मारायच्या खेळात म्हणून चूक होते. हात पसरायच्या, वाकायच्या, फळं तोडायच्या खेळांत होत नाही. साध्या कॅमेऱ्याला उजेडही लागतो: ट्यूबलाइट खेळणाऱ्याच्या तोंडावर पडली पाहिजे, पाठीमागे उघडं दार असलं की माणूस नुसता काळा आकार होतो. पडदा ओढला की काम होतं.

बालाघाट, बीड

कोणता सेन्सर भारी यावर तुमचं चालू द्या. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो गोदाकाठच्या त्या 'हो'वर आहे. स्विच २ साठी कंपनीनेच ५ ते ३५ अंश तापमान सांगितलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ४२-४३ असतं आणि पत्र्याच्या खोलीत बाहेरच्यापेक्षाही जास्त. पोरांना सुट्टी नेमकी तेव्हाच. म्हणजे कन्सोल सगळ्यात जास्त चालणार तो त्याला सांगितलेल्या मर्यादेच्या बाहेर.

होतं काय, तर टीव्हीला जोडून चालवताना पंखा पूर्ण वेगाने फिरतो, खेळ अडखळायला लागतो आणि तरीही तापमान चढलं तर कन्सोल स्वतःच झोपी जातो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. खरं नुकसान बॅटरीचं होतं. लिथियमची बॅटरी चाळिशीच्या वर भरत ठेवली की तिची ताकद कायमची घटते, आणि डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवलेला कन्सोल सतत चार्जिंगवरच असतो. म्हणून उन्हाळ्यात हे पाळा:

डॉक शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, पाठीमागे आणि वर चार-चार बोटं हवा पाहिजे. दुपारी बारा ते पाच बंद. खेळ संपला की कन्सोल डॉकमधून काढून ठेवा.

आता लोक म्हणतील, कूलर आहे की. कूलरच्या झोतात डॉक ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. आपले वाळ्याचे नाहीतर गवताचे कूलर नुसती गार हवा फेकत नाहीत, बारीक तुषारही फेकतात. डॉकच्या आत पंखा आहे, तो तेच तुषार ओढतो. त्यात आपली काळ्या मातीची धूळ. ओली धूळ पातळ जाळीवर बसली की तिचा लेप होतो आणि तो फुंकून निघत नाही. कूलर माणसांकडे, डॉक त्याच्या आडव्या भिंतीला.

विजेचं म्हणाल तर कमी दाबाला घाबरू नका. रब्बीत मोटारी चालू झाल्या की संध्याकाळी १६० व्होल्टवर येतं, ट्यूब लागत नाही, पण या कन्सोलचा अडॅप्टर १०० ते २४० वर चालतो. भीती उलट्या बाजूची. डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात तीनशेच्या वर दाब येतो आणि त्याला २४० चा अडॅप्टर तग धरत नाही. साधा स्पाइक गार्ड इथे उपयोगाचा नाही, तो क्षणभराचा झटका खातो, मिनिटभराचा वाढीव दाब नाही. जास्त दाबाला तोडणारा आणि वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा स्टॅबिलायझर लावा. टीव्हीचा असतो तोच चालतो, टीव्ही आणि डॉक दोन्ही त्यावर.

खामकाठ, संभाजीनगर

खरेदीबद्दल एवढंच. निंटेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, जो येतो तो बाहेरून आणलेला. इथे वॉरंटी नाही असंच धरून चला. जपानमध्ये दोन प्रकार आले. २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला स्वस्त प्रकार फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपानमधलं खातं असेल तरच लॉगिन होतो. 'दहा हजारांनी स्वस्त' म्हणून कुणी दाखवला तर सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडून बघा. यादीत इंग्रजी नसेल तर तो पुढे कुठल्याही अपडेटने इंग्रजी होणार नाही. मेमरी कार्डही जुनं चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. साधं कार्ड बसतं, पण त्यावर खेळ ठेवता येत नाहीत.

मांजराकाठ, लातूर

खामकाठने सांगितलं त्यात भर. व्यायामाच्या खेळाची ती गोल कडी, रिंग-कॉन, घरात असेल तर तिच्यात जॉय-कॉन २ बसतच नाही, जुने जॉय-कॉन जोडावे लागतात. जुन्या उजव्या जॉय-कॉनमध्ये इन्फ्रारेड कॅमेरा होता, अंगठा ठेवून नाडी मोजायचा. नव्यात तो काढून टाकलाय. म्हणजे मोशनच्या बाबतीत एक गोष्ट कमीच झाली. माऊस वाढला म्हणता, पण माऊस बसून वापरायचा असतो. उभं राहून खेळणाऱ्याला त्याचं काय?

अंगठ्याने फिरवायच्या काडीतही (जॉयस्टिक) हॉल सेन्सर, म्हणजे न घासता चुंबकाने हालचाल मोजणारा सेन्सर, घातलेला नाही. पूर्वीच्या काडीत कार्बनचा थर घासून झिजायचा आणि बोट न लावता पात्र चालत सुटायचं. नव्या काडीचं पुढे काय होतं ते बघायला दोन-तीन उन्हाळे जाऊ द्या. तोवर माझं मत वीलाच.

गोदाकाठ, नांदेड

कॅमेरा काढल्याचं मलाही खटकतं. बालाघाटचं दुपारचं बंधन पूर्ण मान्य, माझ्या 'हो'ला ते जोडून घ्या. दुधनाकाठच्या ताईंचा आजींचा मुद्दा खोडता येत नाही. पण त्या पेटीची वर्गणी दरवर्षीची, आणि ती संपली की हातात पाचच खेळ.

ज्यांनी स्विच २ घेतलाच आहे त्यांच्यासाठी घसरणीवरचा उपाय. सेटिंगमध्ये कंट्रोलरचा भाग, तिथे मोशन कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून घेणं. कंट्रोलर कन्सोलवरून काढा, फरशीवर सपाट ठेवा, डाव्याचं वजा किंवा उजव्याचं अधिक बटण दाबून धरा आणि संपेपर्यंत त्याला धक्का लावू नका. शहाबादी फरशी खडबडीत असते, कंट्रोलर डुगडुगतो आणि कॅलिब्रेशन चुकतं. खाली जाड पुठ्ठा नाहीतर वही ठेवा. जायरोची चूक तापमानाबरोबर बदलते, म्हणून ज्या वेळी खेळता त्याच वेळी करा. डिसेंबरच्या पहाटे केलेलं एप्रिलच्या रात्री कामाचं नाही.

हात हलवल्यावर पडद्यावर उशिरा हलतं अशी तक्रार असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया बंद झाली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी तुटक वाटलं तर राउटर बघा. तो डॉकला खेटून असेल किंवा मधे लोखंडी कपाट असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ आणि वायफाय एकमेकांना अडवतात. राउटर दोन हात लांब, कन्सोलचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर.

बालाघाट, बीड

आणि पंखा. पत्र्याच्या घरात तो सात-साडेसात फुटांवर लटकतो. साडेपाच फुटी माणसाने कंट्रोलर धरून हात वर केला की पात्याला पोचतो. टेनिसची सर्व्हिस करायची असेल तर पंख्याखालून बाजूला सरका, मनगटाची पट्टी घाला. वी आला त्याच वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, पट्ट्या तुटून रिमोट टीव्हीवर आदळायला लागले म्हणून कंपनीला जाड पट्ट्या बदलून द्याव्या लागल्या होत्या.

दुधनाकाठची, परभणी

रिकाम्या हाताने खेळताना टीव्ही तरी फुटत नाही. गोदाकाठ दादा, वर्गणीचं म्हणता ते बरोबर, पण चार जणांसाठी स्विच घ्यायचा तर जॉय-कॉनची आणखी एक जोडी विकत घ्यावी लागते. तो खर्चही ४५० डॉलरमध्ये मिळवा आणि मग दोन्हीचा तीन वर्षांचा हिशेब इथे मांडा.