मदत हवी आहे: ब्लँकेटच्या मधेमधे विणायला चिमुकल्या, गमतीच्या भेटी सुचवा

सुलट_उलट (ठाणे):

नमस्कार मंडळी,

भावाचं लग्न फाल्गुनात आहे. नवरा-नवरीसाठी डबल बेडचं ब्लँकेट विणायला घेतलंय. वेणीची वीण, मोरपंखी रंग, निम्म्याच्या थोडं पुढे आलंय. आता ते एवढं झालंय की मांडीवर घेतलं की नोव्हेंबरातसुद्धा घाम फुटतो. सोडणार नाहीये, नक्की पूर्ण करणार. पण रोज तीच वीण, तोच रंग, आणि "झालं बाई एकदाचं" म्हणायची सोय नाही.

शिवाय ते ट्रेनमध्ये नेता येत नाही. माझी रोजची ठाणे-वाशी गाडी, अर्ध्या तासाची. ठाण्याहूनच सुटते म्हणून सकाळी बसायला मिळतं आणि हात रिकामे असतात. तेव्हा मी छोटंमोठं काहीतरी विणते आणि कुणालातरी देऊन टाकते. ऑफिसमधल्या मैत्रिणीला पापलेट विणून दिलं, राखाडी लोकरीचं, तळहाताएवढं. ती दिवाळे कोळीवाड्यातली, घरी सगळे मासळीतले जाणकार. तिच्या सासूबाईंनी ते खालीवर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मासा बरा आहे, पण शेपटी पापलेटची नाय." तरी आता ते त्यांच्या टीव्हीवर बसलंय म्हणे.

तर असं आणखी काय विणता येईल? पर्समध्ये मावावं, दोनच रंग लागावेत, आणि दर ओळीला मोबाईलमध्ये बघावं लागू नये. फ्लेमिंगो करायला घेतलाय, पण मान उभीच राहत नाही, आणि आतलं पांढरं भरण टाक्यांतून डोकावतं. दुसरं म्हणजे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून असंच काही विणून द्यावं असं डोक्यात आहे. साधारण तीस बायका येतात. जमेल का?

(क्रोशा मला येतो. पण "बाहुल्या-खेळणी क्रोशानेच करायची असतात" हे कृपया नको. मला दोन सुयाच आवडतात.)

आजीची_सुई:

लिंबू-मिरची विण! गाडीला, दाराला टांगायची. ही दर शनिवारी बदलावी लागत नाही. मी भाच्याच्या नव्या स्कूटरला दिली होती. त्याचे मित्र अजून मागतात.

लिंबू असं: पिवळी लोकर, 10 नंबरच्या सुया, 6 टाके घाल. पहिल्या ओळीत प्रत्येक टाक्यात एक वाढव, 12 होतील. उलट ओळ. मग एक सुलट, पुढच्यात एक वाढव, असं शेवटपर्यंत, 18 होतील. उलट ओळ. त्यानंतर सहा ओळी साध्या, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मग एक सुलट, दोन एकत्र, असं करत 12 वर ये. उलट ओळ. मग सगळे दोन-दोन एकत्र, 6 राहतील. त्यांतून दोरा ओवून ओढ, कड शिव, भरण घाल.

मिरचीला भरणच नको. दोन्हीकडे टोक असलेल्या सुया घे, मोजे विणायच्या. 5 टाके सुलट विण, सुई उलटवू नकोस, टाके दुसऱ्या टोकाकडे सरकव, दोरा मागून ओढून पुन्हा सुलट. आपोआप गोल दोरी होत जाते. बोटाएवढी झाली की दोन एकत्र, एक, दोन एकत्र. राहिलेल्या 3 वर दोन फेऱ्या आणि दोरा ओढून बंद. उरलेला दोरा आतून जरा ताणून घेतलास की मिरची छान वाकते. रिवाजाप्रमाणे सात लागतात, पण मी तीनच लावते. सात करता करता हौस संपते.

बेलापूरची_गुंडी:

पांढरं डोकावण्याचं कारण बहुतेक सुई जाड हे आहे. खेळण्याला स्वेटरपेक्षा दोन नंबर बारीक सुई घ्यायची, वीण घट्ट येते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक: 10 म्हणजे 3.25 मिमी, 12 म्हणजे 2.75. अमेरिकन पॅटर्नमध्ये बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. म्हणून नेटवरचं काही करताना नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

तरीही डोकावलं तर त्याच रंगाच्या लोकरीचे तुकडे बाहेरच्या बाजूला लावून मधे भरण घाला. आणि भरण फायबरचंच घ्या, उशीतला कापूस नको. धुतल्यावर कापसाचे गोळे होतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते आतून दिवसेंदिवस ओलेच राहतात.

खाडीकाठ:

मला सुई धरता येत नाही, बायको विणते. पण फ्लेमिंगोबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण नेरूळच्या तळ्याकाठी माझ्या हिवाळ्यातल्या कितीतरी सकाळी गेल्या आहेत.

मान उभी करायचा अट्टहास कशाला? झोपलेला फ्लेमिंगो करा. तो मान वळवून पाठीवर टाकतो, डोकं पिसांत खुपसतो, एक पाय पोटाशी घेतो. म्हणजे मान पाठीला टाचली की झालं, तार नको की काडी नको. किंवा चरणारा करा: मान खाली आणि चोच उलटी, वरची बाजू चिखलाकडे. तो खरंच असाच खातो, डोकं उलटं करून.

रंगाचंही सांगतो. खाडीत दोन प्रकारचे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, येतात. मोठा रोहित बराचसा पांढुरका, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. बाजारातली खेळणी म्हणजे लहानाचा रंग आणि मोठ्याची चोच. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) नाव गेलं, आता ठाणेकरणीने तरी चोच बरोबर विणावी एवढीच विनंती. :) आणि पायाच्या मध्यावर एक गाठ मारा. तो मागे वाकणारा सांधा गुडघा नसतो, घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

जाता जाता: सासूबाईंचं बरोबर आहे. पापलेटच्या शेपटीला खोल खाच असते आणि खालचं पातं वरच्यापेक्षा लांब असतं. 2023 पासून तो राज्यमासा आहे, तेव्हा शेपटीकडे दुर्लक्ष नको.

गुंता:

मी जरा वेगळा सूर लावते. अशा वस्तू देताना घेणाऱ्याचाही विचार करावा. विणलेलं लिंबू, विणलेलं वांगं, लोक "अय्या किती गोड" म्हणतात आणि मग ते कपाटावर धूळ खात पडतं. त्याला काहीतरी काम द्या. टाचण्यांची उशी, चावीचं लटकन, चष्म्याची पिशवी.

आणि वाणाचं म्हणाल तर साफ नको. तीस वस्तू म्हणजे दुसरं ब्लँकेटच झालं, फक्त तुकड्यातुकड्यांनी. पाच-सहा झाल्या की तुम्हाला त्या लिंबाचा राग येईल. वाणाला बाजारातून काहीतरी आणा आणि विणायचंच असेल तर हलवा ठेवायच्या एवढ्याशा पिशव्या करा, साध्या सुलट विणीच्या. त्याही सगळ्यांना नको, आलेल्या लहान मुलांपुरत्या.

सुलट_उलट:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! गुंता, वाणाचं अगदी पटलं. तीस लिंबं डोळ्यांसमोर आली आणि मी तो बेत सोडला. पिशव्यांची कल्पना घेते.

पण "काम द्या" हे नाही पटत. उपयोगाचं ब्लँकेट विणतेच आहे की. त्यात माप बरोबर हवं, वेणी चुकली तर आठ ओळी उसवायच्या, शिवाय ते लग्नात सगळ्या नातेवाइकांसमोर उघडलं जाणार. पापलेटला कुणी माप लावत नाही (सासूबाई सोडून). देताना समोरची बाई हसली की त्याचं काम झालं. पुढे ते टीव्हीवर बसो की कपाटावर.

खाडीकाठ, झोपलेला फ्लेमिंगो ही फारच भारी युक्ती! काल डोक्याचा भाग उसवला, मान पाठीवर टाकून टाचली, एकदम जिवंत दिसायला लागला. पापलेटची शेपटीही सुधारतेय. कुणाला हवं असेल तर पूर्ण मासा असा: 3 टाक्यांपासून सुरुवात, सगळं सुलटच, दर ओळीच्या सुरुवातीला एक वाढवत 15 पर्यंत. 12 ओळी साध्या. मग दर ओळीला एक कमी करत 5 वर. तिथे प्रत्येकात एक वाढवून 10, आणि आता त्यांचे पाच-पाचचे दोन भाग वेगळे विणायचे. वरच्याच्या 4 ओळी, खालच्याच्या 8. असे दोन तुकडे करून शिवायचे.

एक विचारायचं राहिलं. भावाच्या मित्राचं दीड वर्षाचं बाळ आहे, त्याला फ्लेमिंगो दिला तर चालेल का? डोळ्यांना काळे मणी लावायचा विचार होता.

बेलापूरची_गुंडी:

मणी, बटण, काहीच नको. ते तोडून थेट तोंडात घालतात. मागून चकती लावून बसवायचे प्लास्टिकचे डोळे मिळतात, तेही तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत असंच सांगतात. डोळे काळ्या दोऱ्याने भरा. झोपलेलाच आहे ना तुमचा? मग मिटलेली पापणी, एक वाकडी रेघ, बस्स. आणि लांब लोंबते पाय बाळासाठी नकोत, पोटाखाली दुमडून शिवून टाका.

अ‍ॅक्रिलिक लोकर असेल तर वरून इस्त्री फिरवू नका. उष्णतेने ती कायमची ढिली पडते आणि आकार गेला तो गेलाच.

गुंता:

बरं, हसण्याचं काम मान्य. माझ्या दाराला लिंबू-मिरची चालेल, तीन मिरच्यांची. :)

सुलट_उलट:

हाहा, नक्की! आता शेवटचं: लहान रोहिताच्या चोचीसाठी गडद मरून पाहिजे. इथे स्टेशनजवळ विचारलं तर आख्खा गुंडा घ्या म्हणतात. एवढ्याशा चोचीला पूर्ण गुंडा?

आजीची_सुई:

अगं लोकर घेऊच नकोस. भरतकामाचा अँकरचा धागा घे, आठ मीटरची लडी येते, सहा पदरांची. सहाही पदर एकत्र धरून चोच भर. नाहीतर माझ्याकडे मरून लोकर उरली आहे, नातीच्या टोपीची. मी सानपाड्यालाच राहते. सोमवारी तुझ्या ऑफिसच्या वेळेला वाशी स्टेशनवर आणून देते, बदल्यात मला थोडी मोरपंखी दे.