फुकट गेम आणि निन्टेंडो

‘गेम फुकट वाटला की पैसा आपोआप येतो’ असं म्हणतात, पण मला ते तितकंसं पटत नाही. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचंच बघा. डिसेंबर २०१६मध्ये त्यांचा ‘सुपर मारिओ रन’ हा मोबाइल गेम आला. सुरुवातीच्या लेव्हल फुकट, मग एकदाच ९.९९ डॉलर भरा की सगळा गेम तुमचा. इतका सरळ व्यवहार, पण डाउनलोड करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खिशात हातच घातला नाही. दोनेक महिन्यांनी आलेल्या त्यांच्याच ‘फायर एम्ब्लेम हीरोज’मध्ये गाचा होता, म्हणजे पैसे मोजायचे आणि कुठलं पात्र मिळेल ते नशिबावर सोडायचं. डाउनलोड कितीतरी कमी, कमाई मात्र जास्त! (किंमत तोंडावर सांगणाराच मागे पडला.) २०१९च्या ‘मारिओ कार्ट टूर’मध्येही मग गाचा आलाच. तो गाचा २०२२मध्ये काढून टाकला आणि वस्तू थेट गेममधल्या दुकानात मांडल्या.